‘देणे’ या अर्थाची क्रियापदे (रोमान्स व द्राविड भाषांतील)

‘देणे’ ही क्रिया दर्शविणारा शब्द भाषेच्या मूलभूत शब्दसंग्रहात मोडतो. खाणे, येणे, पाहणे, मरणे इ. क्रियापदांप्रमाणे तो लहान मुलाच्या तोंडी लवकर येतो, नित्य वापरात राहतो आणि परभाषेतून उसना घेण्याची गरज सहसा पडत नाही. म्हणून एका भाषेपासून निघालेल्या अनेक भाषांचे परस्परसंबंध ठरविताना अशा शब्दांची साक्ष महत्त्वाची मानली जाते. लॅटिनमधील ‘दरे’ (देणे) या क्रियापदाचा रोमान्स भाषांतील वंशविस्तार हे याचे परिचित उदाहरण होय. त्याच्या शेजारी ठेवण्याजोगे भारतीय उदाहरण म्हणजे द्राविड भाषांतील *ची- (देणे) हे क्रियापद. रोमान्स भाषांची जननी लॅटिन ही ग्रंथांत व शिलालेखांत उपलब्ध आहे. द्राविड भाषांची जननी मात्र कोठेही लिहून ठेवलेली नाही. तिचे स्वरूप तिच्या वंशजांच्या तुलनेवरूनच ठरवावे लागते. या कामी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशात बोलल्या जाणाऱ्या भाषांची साक्ष विशेष मोलाची ठरली आहे. (शब्दापूर्वीचे तारांकन ते रूप लेखी आढळत नसून तुलनेने पुनर्रचित केले आहे, असे दर्शविते.)

लॅटिन ‘दरे’ व रोमान्स भाषा : लॅटिनमध्ये ‘दो’ (मी देतो), ‘दास’ (तू देतोस), ‘दत’ (तो देतो), ‘देदी’ (मी दिले) व ‘दतुम’ (दिलेले) अशी या क्रियापदाची रूपे होती. रोमन साम्राज्याच्या विघटनानंतर निरनिराळ्या प्रांतांतील बोलभाषेचे स्वतंत्र भाषांत रूपांतर झाले. त्यांपैकी इटालियनमध्ये ‘दारे’, स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये ‘दार’ आणि रूमानियनमध्ये ‘दा’ या रूपांनी मूळ क्रियापद टिकून राहिले. ‘मी देतो’ या अर्थी इटालियनमध्ये ‘दो’, स्पॅनिशमध्ये ‘दोय’, पोर्तुगीजमध्ये ‘दो’ व रूमानियनमध्ये ‘दाउ’ असे म्हणतात.

फ्रेंचमध्ये मात्र हे क्रियापद लोप पावले. ‘देणे’ या अर्थी तेथे ‘दॉने’ हा शब्द रूढ आहे. तो लॅटिन ‘दोनारे’ (दान करणे, भेट देणे) या क्रियापदापासून आला असून ‘दोनारे’ हे ‘दोनुम’ (दान) या नामावरून बनले होते. म्हणजे दानाच्या औपचारिक व्यवहारातील शब्द फ्रेंचमध्ये रोजच्या देण्याघेण्यात उतरला आणि त्याने जुन्या लहान शब्दाला दूर सारले. कॅटलनमध्येही प्रामुख्याने याच शब्दाचा वंशज आढळतो. तथापि जुने क्रियापद फ्रेंचमधून निःशेष गेले, असेही म्हणता येत नाही. ‘रांद्र’ (परत देणे) व ‘वांद्र’ (विकणे) ही फ्रेंच क्रियापदे ‘दरे’ पासून बनलेल्या लॅटिन जोडशब्दांची वंशज आहेत. पत्र वा आज्ञापत्र अमुक दिवशी अमुक स्थळी ‘दिले’ असे लिहिण्याच्या प्रघातातून ‘दत’ (तारीख) हे फ्रेंच नाम आले. इंग्रजीमार्गे मराठीत रुळलेला ‘डेटा’ हा शब्दही ‘दतुम’चेच अनेकवचन होय.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे मूलभूत शब्दही बदलला जाऊ शकतो. त्याची जागा त्याच भाषेतील दुसरा शब्द घेतो. दुसरी म्हणजे जुना शब्द कोणत्या भाषेने राखावा व कोणत्या भाषेने टाकावा, याचा त्या भाषेच्या प्रतिष्ठेशी वा वाङ्‌मयीन समृद्धीशी संबंध नसतो. समृद्ध वाङ्‌मय असलेल्या फ्रेंचमध्ये जे टिकले नाही, ते रूमानियनमध्ये टिकले. फ्रीड्रिख डीत्स (१७९४–१८७६) याने रोमान्स भाषांच्या तौलनिक व्याकरणाचा पाया घातला. त्याला व त्याच्यानंतरच्या अभ्यासकांना प्रत्येक निष्कर्ष लॅटिन ग्रंथांशी ताडून पाहण्याची सोय होती. जननी भाषेचा असा लेखी पुरावा फार थोड्या भाषाकुलांना लाभला आहे.

संस्कृत ‘दा’ व मराठी ‘देणे’ : लॅटिन ‘दरे’, ग्रीक ‘दिदोमी’ व संस्कृत ‘ददाति’ ही एकाच इंडो-यूरोपीय धातूची रूपे आहेत. संस्कृत ‘दा’ धातूपासून प्राकृतात ‘देइ’ (देतो) व ‘दिण्ण’ (दिलेले) ही रूपे आली आणि पुढे मराठी ‘देणे’, हिंदी ‘देना’, बंगाली ‘देओया’, कोकणी ‘दिवप’ इ. क्रियापदे सिद्ध झाली. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज ‘दार’ व कोकणी ‘दिवप’ शेजारी आले, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले एकाच कुळातील दोन शब्द पुन्हा एकत्र आले होते. बोलणाऱ्यांना याची जाणीव असण्याचे कारण नव्हते.

चंद्रपूर–गडचिरोलीतील भाषास्थिती : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांच्या परिसरातील हा प्रदेश इंडो-आर्य व द्राविड या दोन भाषाकुलांच्या सीमेवर आहे. मराठी व तिची झाडी बोली, पूर्व सीमेलगतची छत्तीसगढी, हलबी आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन चामोर्शी व मुलचेरा भागांत वसलेल्या निर्वासितांची बंगाली या सर्व इंडो-आर्य भाषांत ‘देणे’ या क्रियापदाचे अंग ‘दे-’ असेच आहे. रोमान्स भाषांच्या क्षेत्रात इटलीपासून पोर्तुगालपर्यंत जे साम्य दिसते, ते येथे एका जिल्ह्यात ऐकावयास मिळते.

याच प्रदेशातील द्राविड भाषांचे चित्र मात्र असे एकसारखे नाही. सिरोंचा परिसरातील तेलुगूत ‘देणे’ या अर्थी ‘इच्चु’ हे क्रियापद असून त्याची ‘ई-’, ‘इय्य-’ व ‘इच्च-’ अशी अंगे होतात. गोंडीत ‘सीयाना’ असे म्हणतात. त्याचे अंग ‘सी-’. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कोलामांच्या कोलामी भाषेत आणि चंद्रपूरकडील नाईकी भाषेतही ‘सी-’ हेच अंग आहे. मुडिया व माडिया गोंडांच्या बोलींत ‘ही-’ असे रूप सापडते, तर गोदावरीकाठच्या कोया बोलीत व काही माडिया बोलींत नुसते ‘ई-’ आढळते. सी-, ही- व ई- हे तीन स्वतंत्र शब्द नसून एकाच शब्दाच्या तीन अवस्था आहेत, हे तुलनेने सिद्ध झाले आहे.

मूळ व्यंजनाची निश्चिती : हे क्रियापद दक्षिणेकडील तमिळ, मलयाळम् व जुन्या कन्नडमध्ये ‘ई’ असे आहे. त्यात आरंभी व्यंजन नाही. बस्तरमधील पारजीत ते ‘ची-’, झारखंड व लगतच्या प्रदेशातील कुरुखमध्ये ‘चि-’ आणि राजमहाल टेकड्यांतील माल्तोत ‘चिय्-’ असे आढळते. ओडिशातील कुईत ‘सी-’, तर कुवी व पेंगो या भाषांत ‘ही-’ आहे. (येथील ‘च’ हा ‘चिमणी’ या शब्दातील तालव्य ‘च’ समजावा.)

केवळ तमिळ, कन्नड व तेलुगू या वाङ्‌मयसंपन्न भाषा पाहिल्या, तर मूळ शब्द स्वरारंभी होता असाच निष्कर्ष निघेल. गोंडी, कोलामी इ. भाषांनी आरंभी ‘स्’ नव्याने जोडला असावा, अशी शंकाही घेता येईल. परंतु ती टिकत नाही. ‘सहा’ या संख्येला तमिळमध्ये ‘आऱु’, तेलुगूत ‘आरु’ व गोंडीत ‘सारुंग’ असे म्हणतात. ‘पाच’ला तमिळमध्ये ‘ऐंदु’, तेलुगूत ‘ऐदु’ व गोंडीत ‘सैयुंग’ म्हणतात. ‘सात’ मात्र तमिळमध्ये ‘एऴु’, तेलुगूत ‘एडु’ व गोंडीत ‘येडुंग’ असा आहे; त्यात ‘स्’ नाही. गोंडीने स्वरारंभी शब्दांना ‘स्’ जोडला असता, तर तो ‘सात’लाही लागला असता. ज्या शब्दांच्या आरंभी गोंडीत ‘स्’ दिसतो, त्यांच्याच आरंभी पारजी, कुरुख व माल्तो यांसारख्या दूरच्या भाषांत वारंवार ‘च्’ आढळतो. ‘मीठ’ हा शब्द याचा चांगला नमुना आहे : तमिळ, कन्नड व तेलुगू ‘उप्पु’, कोलामी ‘सुप्’, पारजी ‘चुप्’, गोंडी ‘सोवर’. यावरून मूळ द्राविड भाषेत या शब्दांच्या आरंभी *च् होता. गोंडी-कोलामीत त्याचा ‘स्’ झाला आणि तमिळ, कन्नड व तेलुगूत तो गळून पडला, असे अनुमान निघते. ‘देणे’ या क्रियापदाचे मूळ रूप त्यानुसार *ची- किंवा *चिय्- असे मानले जाते.

याचा अर्थ असा की, सुमारे दोन हजार वर्षांची वाङ्‌मयपरंपरा असलेल्या तमिळमध्ये जे व्यंजन कोठेही नोंदलेले नाही, त्याची खूण लेखनाची अखंड परंपरा नसलेल्या वनप्रदेशातील भाषांनी राखली. रोमान्स भाषांच्या अभ्यासात जे कार्य लॅटिन ग्रंथ करतात, ते द्राविड भाषांच्या अभ्यासात काही अंशी या बोलींनी केले आहे.

स् > ह् > लोप : आरंभीच्या ‘स्’चा ‘ह्’ होणे हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाही. संस्कृत ‘सप्त’ व फार्सी ‘हफ्त’ (यावरून मराठी ‘हप्ता’), तसेच ‘सिंधु’ व ‘हिंदु’ या जोड्या सर्वांना ठाऊक आहेत. गोंडीत हेच परिवर्तन झाले असून पुढे काही बोलींत तो ‘ह्’ही लोपला आहे. त्यामुळे ‘मीठ’ या अर्थी सोवर–होवर–ओवर, तर ‘पाहणे’ या क्रियापदाच्या अंगात सूड्-–हूड्-–ऊड्- अशा मालिका मिळतात. सी-–ही-–ई- ही मालिका त्यांतीलच होय. भौगोलिक दृष्ट्या पाहता बैतूल, छिंदवाडा, मंडला या उत्तरेकडील व यवतमाळसारख्या पश्चिमेकडील बोलींत ‘स्’ बव्हंशी टिकून आहे. आग्नेयेकडे व दक्षिणेकडे जावे तसा ‘ह्’ व त्यापुढे लोप आढळतो. चंद्रपूर–गडचिरोलीचा प्रदेश या दोन टोकांच्या मध्ये येतो.

या परिवर्तनाला सामान्य भाषाशास्त्रातही महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाइपसिक येथील अभ्यासकांनी ध्वनिपरिवर्तनाचे नियम निरपवाद असतात, असा सिद्धांत मांडला (१८७८). त्यानुसार एखादा ध्वनी बदलतो तेव्हा समान परिस्थितीतील सर्व शब्दांत तो एकदमच बदलतो. याउलट परिवर्तन एका शब्दातून दुसऱ्या शब्दात क्रमाक्रमाने पसरते, असे मत १९६९ पासून विल्यम वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणले. भद्रिराजू कृष्णमूर्ती (१९२८–२०१२) यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोंडी बोलींतील स् > ह् > लोप या परिवर्तनाची तपासणी केली. एकाच बोलीत काही शब्द पुढच्या अवस्थेला पोहोचलेले, तर काही मागच्याच अवस्थेत राहिलेले त्यांना आढळले. परिवर्तन शब्दागणिक पसरते व ते पूर्ण झाल्यावर नियमित दिसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यानुसार नियमितता हा परिवर्तनाचा आरंभ नसून शेवट होय.

तमिळमध्येही पूर्वी असेच काही घडले असावे. ‘देणे’, ‘पाच’, ‘सहा’, ‘मीठ’ या शब्दांतील *च् तेथे गळाला. परंतु ‘मरणे’ या अर्थाच्या ‘चा’ या धातूत तो कायम राहिला. म्हणजे ते परिवर्तन सर्व शब्दांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच थांबले. दक्षिणेतील हा लोप इतिहासपूर्व काळातील, तर गोंडीतील लोप त्याहून पुष्कळच अलीकडचा आहे. दोन्ही परस्परांपासून स्वतंत्रपणे घडले. म्हणून कोया बोलीतील ‘ई-’ व तमिळ ‘ई’ दिसण्यात सारखे असले, तरी त्या रूपाला ते निरनिराळ्या मार्गांनी आले आहेत. केवळ आजच्या रूपांचे साम्य पाहून भाषांची जवळीक ठरविणे कसे फसवे असते, हे यावरून ध्यानात येते.

अर्थ व वापर : तमिळ व्याकरणाचा प्राचीन ग्रंथ तोल्काप्पियम् याने ‘देणे’ या अर्थाची ‘ई’, ‘ता’ व ‘कोडु’ अशी तीन क्रियापदे सांगितली आहेत. मागणारा खालच्या दर्जाचा असेल तर ‘ई’, बरोबरीचा असेल तर ‘ता’ आणि वरच्या दर्जाचा असेल तर ‘कोडु’ वापरावे, असा त्यातील नियम आहे. पुढे व्यवहारात ‘कोडु’ सर्वसामान्य झाले आणि ‘ई’ काव्यात व ‘ईगै’ (दातृत्व) यासारख्या शब्दांत राहिले. कन्नडमध्येही ‘कोडु’नेच जुन्या ‘ई’ची जागा घेतली. फ्रेंचमध्ये दानाचा शब्द नित्य व्यवहारात उतरला. तमिळमध्ये याउलट नित्य व्यवहारातला जुना शब्द दानाच्या उंचीवर जाऊन बसला. ‘ता’ हे क्रियापद मलयाळम्‌मध्ये बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला देणे या अर्थी अद्याप वेगळे राखले गेले आहे. तेलुगू व गोंडीत त्याच्या वंशजांचा अर्थ ‘आणणे’ असा झाला आहे.

तेलुगू, कोलामी व गोंडी यांत *ची-चे वंशज मात्र आजही ‘देणे’ या साध्या अर्थाने वापरात आहेत. भाजीबाजारात, शेतावर, घरात पाणी मागताना जो शब्द गोंडी माणसाच्या तोंडी येतो, तोच तमिळमध्ये आज प्राधान्याने ग्रांथिक भाषेत सापडतो. शेजारधर्माने आलेली काही साम्येही या प्रदेशात दिसतात. मराठीत ‘करू दे’ असे म्हणताना ‘देणे’चा अर्थ ‘मुभा देणे’ असा होतो. तेलुगूतील ‘चेयनिव्वु’ (करू दे) या प्रयोगात ‘इच्चु’चे कार्यही तेच आहे. शब्द दोन भिन्न कुळांतील असले, तरी त्यांच्या वापराची रीत समान असू शकते.

अभ्यासाचा इतिहास : द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण रॉबर्ट कॉल्डवेल (१८१४–९१) यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. जॉर्ज ग्रीअर्सन (१८५१–१९४१) यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविड भाषांवरील चौथा खंड १९०६ मध्ये निघाला; त्याचे काम स्टेन कोनो यांनी केले होते. या सर्वेक्षणात भाषेचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा वापरण्यात आली. त्या कथेच्या आरंभीच धाकटा मुलगा बापाकडे आपला वाटा ‘दे’ अशी मागणी करतो. त्यामुळे ज्या ज्या भाषेत ही कथा नोंदली गेली, त्या त्या भाषेतील ‘देणे’ या क्रियापदाचे रूप अनायासे जतन झाले.

सी. जी. चेनेव्हिक्स ट्रेंच यांचे गोंडी व्याकरण १९१९ मध्ये, एम. बी. एमेनो (१९०४–२००५) यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये, टी. बरो (१९०९–८६) व एस. भट्टाचार्य यांचा गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह १९६० मध्ये आणि भट्टाचार्यांचा चांदा (चंद्रपूर) येथील नाईकीवरील अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. बरो व एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) ही सामग्री एकत्र आली. वर दिलेली तुलना अशा क्षेत्रकार्यामुळे शक्य झाली.

सद्यःस्थिती : २०११ च्या जनगणनेत भारतात गोंडी मातृभाषा असलेल्यांची संख्या २९,८४,४५३ इतकी नोंदली आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत गोंडीचा समावेश नाही. महाराष्ट्र, तेलंगण, छत्तीसगढ, मध्य प्रदेश इ. राज्यांत विभागलेल्या गोंडी भाषकांचे शालेय शिक्षण मुख्यतः त्या त्या राज्याच्या भाषेतून होते व त्यामुळे बोलींवर मराठी, तेलुगू व हिंदी यांचा प्रभाव वाढत आहे. गोंडीसाठी स्वतंत्र लिप्या तयार झाल्या असून देवनागरी व तेलुगू लिप्यांतूनही ती लिहिली जाते. लेखनासाठी व शिक्षणासाठी भाषेचे एक प्रमाण रूप ठरविणे आवश्यक ठरते. पण तसे करताना सी-, ही- व ई- यांपैकी एकाची निवड करावी लागते. निवडलेल्या रूपाबरोबर उरलेल्या रूपांचीही नोंद राहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. लॅटिन लोकांच्या तोंडून गेली तरी ग्रंथांत उरली. *ची-चा इतिहास मात्र ग्रंथांत नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे आणि एखादी बोली नोंदविण्यापूर्वीच लोपली, तर त्या इतिहासातील तिची साक्ष पुन्हा मिळविता येत नाही.